पार्लरचे रेट कसे ठरवायचे आणि ऑफर कधी द्यायची

मागच्या महिन्यात धरणगावकडच्या एका मुलीचा फोन आला. कोर्स झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलंय, सहा महिने झाले, बायका येतात, दिवसभर हात रिकामा नसतो आणि तरी महिन्याच्या शेवटी फेशियल किट आणायला घरच्यांकडे पैसे मागावे लागतात. मी विचारलं रेट कसे लावलेत, तर म्हणे पलीकडच्या गल्लीतली ताई आयब्रोचे 30 घेते म्हणून मी 25 लावले, ती फेशियल 400 ला करते म्हणून मी 350 ला. म्हटलं त्या ताईने तिचे 30 कशावरून ठरवले? ते काही तिला माहीत नव्हतं, आणि माझं मन सांगतं की त्या ताईने पण आणखी कोणाचा तरी बोर्ड पाहूनच लावले असतील.

मी अमळनेरला पार्लर चालवते, पहिली चार वर्ष मी पण हेच केलं, म्हणून त्या पोरीला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते. वही-पेन घेऊन बसा, कारण आकडे तुमचे तुम्हालाच लिहायचे आहेत, माझे आकडे फक्त रीत समजावी म्हणून आहेत.

आधी मिनिटाचा भाव काढा

आपल्या घरी कापूस असतो ना, घरातल्या माणसाला एकरी बियाणं किती, खत किती, वेचणीची मजुरी किती हे तोंडपाठ असतं, व्यापाऱ्याने भाव सांगितला की लगेच कळतं परवडतंय की नाही. आपण मात्र खुर्चीवर बाई बसवतो आणि आपल्या एका मिनिटाला किती खर्च येतो तेच माहीत नसतं.

तर महिन्याचा जो खर्च गिऱ्हाईक आलं काय नि नाही आलं काय होणारच आहे तो सगळा एका पानावर लिहा. समजा भाडं 6000, लाईटबिल 2800, मदतीला मुलगी आहे तिचा पगार 7000, मोबाईल-नेट, चहा, पाण्याचे जार, टॉवेल धुणं मिळून 1200, आणि खुर्ची, स्टीमर, वॅक्स हीटर, ड्रायर हे कधी ना कधी बिघडणार म्हणून बाजूला 1500. झाले 18500. आता यात सगळ्या विसरतात ती गोष्ट, स्वतःचा पगार. घरात पार्लर आहे म्हणून भाडं धरायचं नाही आणि आपलंच काम म्हणून पगार धरायचा नाही, मग राहतं काय, फुकटात राबणं. तुम्ही दुसऱ्याच्या पार्लरमध्ये गेला असता तर जे मिळालं असतं तेवढं तरी धराच, मी इथे 15000 धरते. एकूण 33500. घरची खोली असेल तर ती भाड्याने दिली असती तर काय आलं असतं तो आकडा लिहा, शून्य लिहू नका.

आता तास. पार्लर सकाळी 10 ते रात्री 8 उघडं असलं तरी हात दहा तास चालत नाही. पंधरा दिवस वहीत लिहा की कोणत्या बाईला किती वाजता घेतलं आणि किती वाजता सोडलं, खरंखुरं. माझं आणि मदतीच्या मुलीचं मिळून दिवसाला 7 तास भरले, 26 दिवसाचे 182 तास. 33500 भागिले 182 म्हणजे तासाला 184 रुपये, म्हणजे मिनिटाला 3 रुपये आणि वर थोडं. हा तुमचा मिनिटाचा भाव. हा एकदा कळला की बाकी सगळं सोपं होतं, आणि दुसऱ्याच्या बोर्डाकडे बघायची सवय आपोआप सुटते.

मग एकेक सर्व्हिस घ्या. मिनिटं गुणिले 3, अधिक त्याला लागणारा माल, आणि त्यावर 25 टक्के.

आयब्रो 10 मिनिटं, 30 रुपये, दोरा-पावडर-जेल 2 रुपये, म्हणजे 32 हा नुसता खर्च. वर 25 टक्के धरून 40. म्हणजे जी 25 घेते ती प्रत्येक बाईमागे 7 रुपये स्वतःच्या पर्समधून घालते. दिवसाला 15 आयब्रो केल्या तर 105 रुपये गेले.

फेशियल 75 मिनिटं, 225 रुपये, किटचा एका वेळचा माल 180, कापूस, टिश्यू, हेअरबँड, टॉवेल 25. झाले 430. वर 25 टक्के म्हणजे 537, बोर्डवर 550 लिहायचे. मी हे 400 ला करत होते, चार वर्ष!

मालाचा खर्च अंदाजाने धरू नका. नवीन किट फोडलं की डब्याच्या झाकणावर तारीख लिहा आणि प्रत्येक फेशियलला एक रेघ ओढा. कंपनीचा माणूस सांगतो सहा होतात, आपला हात मोकळा असला तर चारमध्येच क्रीम संपते. वॅक्सच्या डब्याचं पण तसंच, किती फुल आर्म्स, म्हणजे पूर्ण हात, झाले ते मोजा, आणि हिवाळ्यात वॅक्स थोडं जास्त लागतं तेही लक्षात येईल.

25 टक्के कशाला असं ती पोरगी म्हणाली. अगं एखादीचं काम परत करून द्यावं लागतं, पितृपक्षात खुर्ची रिकामी असते, नवीन कोर्सला नाशिक-पुण्याला जायचं तर भाडं लागतं, एखादं किट एक्सपायर होऊन टाकून द्यावं लागतं, ते सगळं ह्याच्यातूनच निघतं. टाकून द्या हो, एक्सपायरी जवळ आलेला माल ऑफरमध्ये खपवायची बुद्धी कधी होऊ देऊ नका, एखादीचा चेहरा लाल झाला तर गाव लहान असतं.

बोर्ड लिहिताना

सगळ्याच सर्व्हिसला हिशोब जसाच्या तसा बसत नाही. आयब्रो ही दारातली सर्व्हिस आहे, बाई तुमचा हात पहिल्यांदा तिथेच पाहते, ती 60 लावून चालणार नाही. म्हणून आयब्रोत फार कमाई शोधू नका, पण खर्चाच्या खाली पण जाऊ नका, आणि कमाई हेअर स्पा, फेशियल, रूट टचअप (मुळाशी वाढलेल्या केसांना रंग), स्मूदनिंग (क्रीम लावून केस सरळ, मऊ करणं) यात धरा जिथे बाई एका जागी दोन तास बसते आणि मालाचं, हाताचं काम दिसतं.

केसांच्या कामाला एकच रेट लिहू नका. स्मूदनिंगला खांद्यापर्यंतच्या केसाला साडेचार तास लागले तर 270 मिनिटाचे 810, क्रीम 900, शाम्पू-मास्क 150, झाले 1860, वर 25 टक्के धरून 2325. कमरेपर्यंतचे दाट केस असतील तर क्रीमच दीडपट-दुप्पट लागते. म्हणून बोर्डवर "2400 पासून" असं लिहा आणि केस मोकळे सोडून, हातात धरून, कामाला हात लावायच्या आधी पूर्ण आकडा सांगा, जमलं तर व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. क्रीम लागल्यावर "तुमचे केस जास्त निघाले, 800 वाढतील" असं कधी म्हणायचं नाही. माल तुमच्या अंदाजापेक्षा जास्त गेला तर ते नुकसान तुमचं, पुढच्या वेळेस अंदाज सुधारा. कलरच्या आधी 24 ते 48 तास पॅच टेस्ट करायची असते (थोडा रंग कातडीवर लावून त्रास होतो का ते बघायचं), त्याचे पैसे लावू नका, त्या निमित्ताने बाई दोनदा येते आणि आकडा पण निवांत सांगता येतो.

आणि बोर्ड लावाच. रेट न लिहिलेल्या पार्लरमध्ये खेड्यावरून आलेली बाई आत यायला कचरते, तिला वाटतं आत गेलं की किती सांगतील काय माहीत. दाराजवळ मोठ्या अक्षरात दहा-बारा सर्व्हिस मराठीत लिहिल्या तरी पुष्कळ.

भाव करणाऱ्या बायका

आपल्याकडे भाव केल्याशिवाय चैन पडत नाही, मेथीच्या जुडीपासून सवय आहे, त्यात वाईट वाटून घेऊ नका. "इतलं महाग काबर वं ताई?" असं कोणी म्हटलं की पूर्वी मी लगेच 50 कमी करायचे. मग शेजारच्या खुर्चीवरची ऐकायची आणि ती पण मागायची. आता मी पैसे कमी करत नाही, काम कमी करते. म्हणजे 550 चं फेशियल जमत नसेल तर 300 चं क्लीनअप करू या, मसाज आणि पॅक नाही पण चेहरा स्वच्छ होईल. बाईला तिच्या पैशात बसेल असं काहीतरी मिळतं आणि माझ्या 550 ची किंमत तशीच राहते.

नातेवाईक, गल्लीतल्या, बचतगटातल्या, "मी घरनीच शे ना" (घरचीच आहे ना) म्हणणाऱ्या, यांच्यासाठी एकच नियम ठरवून घ्या आणि सगळ्यांना तोच लावा. मी सख्ख्या बहिणी, नणंदा, जावा यांना मालाचे पैसे तेवढे घेते, बाकी सगळ्यांना बोर्डचा रेट. सुरुवातीला दोघी-तिघी रुसल्या. एक वर्षाने परत आल्या.

उधारी बद्दल जास्त लिहीत नाही, वही ठेवा आणि 500 च्या वर जाऊ देऊ नका.

रेट वाढवायचे असतील तर

वर्षातून एकदा हिशोब परत करा, मी गुढीपाडव्याच्या आधी करते. सगळे रेट एकदम वाढवू नका, जिथे मिनिटाचा भाव निघत नाही तीच तीन-चार कामं वाढवा. आधी पंधरा दिवस आरशाला कागद चिकटवा, "पाडव्यापासून फेशियल 550, फुल आर्म्स वॅक्स 200". कोणी विचारलं तर माफी मागत बसू नका आणि लांबलचक कारणं पण देऊ नका, एवढंच म्हणा की किट महाग झालं, मला कमी दर्जाचं वापरायचं नाही, म्हणून वाढवले. काही जणी जातील. मी 400 वरून 550 केले तेव्हा महिन्याच्या 30 फेशियलच्या 24 झाल्या. पण बघा, मालाचे 205 (किटचे 180 आणि कापूस-टॉवेलचे 25) वजा केले तर आधी एका फेशियलमागे 195 उरायचे, 30 चे 5850. नंतर एकामागे 345 उरले, 24 चे 8280. काम कमी आणि पैसे जास्त, आणि माझी पाठ पण कमी दुखायला लागली.

आता ऑफर

इथे जरा दम धरून वाचा, कारण मी सगळ्यात जास्त पैसे इथेच घालवलेत.

8 मार्च आला की प्रत्येक पार्लरच्या स्टेटसला "महिला दिन स्पेशल फ्लॅट 50 टक्के". समजा आपलं 550 चं फेशियल. मालाचे 205 गेले की हातात 345. दहा फेशियलचे 3450. आता 20 टक्के सूट दिली तर 440 येतात, माल वजा करून 235, म्हणजे तेच 3450 मिळवायला 15 फेशियल करावे लागतात. आणि 50 टक्के दिले तर 275 येतात, माल वजा करून फक्त 70 उरतात, जवळजवळ तेवढ्याच पैशाला 49 फेशियल! साडेबारा तासाचं काम एकसष्ट तासाचं झालं. तेही त्या आठवड्यात जेव्हा आधीच गर्दी आहे, म्हणजे तुमच्या रोजच्या पूर्ण पैसे देणाऱ्या बायकांना तुम्ही सांगताय की ताई आज वेळ नाही, उद्या या.

आणि अर्ध्या किमतीवर आलेली बाई पूर्ण किमतीला परत येते का? माझ्या वहीत एका वर्षी अशा 31 नवीन बायका होत्या, पुढच्या सहा महिन्यात त्यातल्या 4 परत आल्या. उलट माझ्या जुन्या बायका म्हणायला लागल्या की थांबू, मार्चमध्ये करू, तेव्हा निम्म्यात होतं. ते मला फार लागलं.

मग ऑफर द्यायचीच नाही का? द्यायची, पण रिकाम्या खुर्चीसाठी द्यायची, भरलेल्या खुर्चीसाठी नाही. मंगळवारी दुपारी 2 वाजता खुर्ची रिकामी आहे तर भाडं, लाईट, पगार चालूच आहे, त्या वेळी 205 च्या वर जे मिळेल ते कमाईच. फक्त ती सूट शनिवारी पूर्ण पैसे देऊन येणाऱ्या बाईपर्यंत जाता कामा नये. म्हणून प्रत्येक ऑफरला एक कुंपण घाला. दिवसाचं, वेळेचं, नाहीतर नवीन सर्व्हिसचं. "सोमवार ते गुरुवार, दुपारी 12 ते 4, फेशियलवर 15 टक्के", बस. कॉलेजच्या मुलींना आयकार्डवर हेअरकट आणि आयब्रोचा कॉम्बो, तोही आठवड्याच्या मधल्या दिवसात, जून-जुलैत अॅडमिशन चालू असताना हे छान चालतं.

पण आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 च्या घरात, दुपारी कुत्रं पण सावलीतून उठत नाही, तेव्हा दुपारची ऑफर कोणासाठी? उन्हाळ्यात मी सकाळी 8 ला उघडते आणि 8 ते 10 या वेळेला ऑफर ठेवते, बायका डबा-पाणी आवरून ऊन व्हायच्या आत येतात आणि डी-टॅन, पेडिक्युअर, हेअर स्पा करून जातात. लाईटबिल पण वाचतं कारण एसी दुपारी कमी चालतो.

सूट देण्यापेक्षा काहीतरी जास्तीचं द्या, हे मला फार उशिरा कळलं. 550 च्या फेशियलवर 20 टक्के म्हणजे 110 रुपये खिशातून गेले आणि बाईच्या डोक्यात बसलं की हे फेशियल 440 चंच आहे. त्याऐवजी फेशियलसोबत 15 मिनिटाचा हेड मसाज द्या. बोर्डवर त्याचे 150 आहेत, तुम्हाला पडतात 15 मिनिटांचे 45 रुपये आणि तेलाचे 5, म्हणजे 50. बाईला 150 ची भेट मिळाली, तुमचे 50 गेले, फेशियलचा रेट 550 च राहिला, आणि हेड मसाज आवडला की पुढच्या वेळेस ती पैसे देऊन मागते.

कोणत्या दिवसात द्यायची, कोणत्या दिवसात अजिबात नाही

हे प्रत्येक गावाचं वेगळं असतं, स्वतःच्या वहीतून काढा. माझं सांगते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास लेकी माहेरी येतात, आणि अमळनेरला तर आखाजीनंतर लगेच वैशाखातच बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्या बारा-पंधरा दिवसात सासरहून आलेल्या बाया, त्यांच्या बहिणी, भाच्या सगळ्या येतात, वर लग्नाच्या तिथी. इथे एक रुपयाची सूट नाही. फक्त मायलेकीचा एक पॅक ठेवते, दोघी एकत्र आल्या तर आईचं पेडिक्युअर निम्म्यात, कारण आई एरवी स्वतःवर पैसे खर्चच करत नाही, आणि एकदा आली की मग वर्षभर येते. हा पॅक मला मनापासून आवडतो, कित्येक माऊलींच्या टाचांना पहिल्यांदा कोणी हात लावलेला असतो.

कानबाईचं पण तसंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते, भाऊबंदकी जमते, त्याआधीचे तीन दिवस घरं सारवून-धुवून झाल्यावर बायका आयब्रो, ब्लीच, हात-पाय करायला येतात. वेळ कमी असतो म्हणून तिथे सूट नाही, 45 मिनिटात होईल असा कॉम्बो ठेवा. असाच कॉम्बो आठवडे बाजाराच्या दिवशी पण चालवा, खेड्यावरच्या बायकांना परतीची एसटी धरायची असते, "आयब्रो, अप्परलिप, क्लीनअप, 45 मिनिटं, 350" असं स्पष्ट लिहिलं की त्या भाजी घ्यायच्या आधी पिशवी ठेवून बसतात.

नवरात्रात आणि दिवाळीच्या आधीचे दहा दिवस गर्दीच असते, सूट कशाला द्यायची. कापसाचा पैसा हातात येतो तो पण साधारण दिवाळीच्या पुढेमागेच, स्मूदनिंग, केराटिनसारखी मोठी कामं तेव्हाच निघतात. रावेर-यावलकडच्या मैत्रिणी सांगतात की केळीमुळे त्यांच्याकडे पैसा वर्षभर थोडा थोडा फिरतो, म्हणजे त्यांचं वेळापत्रक आमच्यापेक्षा वेगळं.

रिकामे दिवस म्हणजे पितृपक्ष, आषाढातले पावसाचे दिवस, आणि अधिक महिना आला तर तो. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन मे महिन्याच्या मध्यापासून लग्नं नाहीत, म्हणून ज्यांचा धंदा ब्रायडलवर आहे त्यांनी असा महिना बघून आधीच हिशोब करून ठेवा. पण धोंड्याच्या महिन्यात जावई-लेकीला बोलावतातच, वाण देतात, तेव्हा लेकीसाठी हेअर स्पा आणि पेडिक्युअर असा छोटा पॅक चालतो. केसांची लांब चालणारी कामं मी याच रिकाम्या दिवसात ऑफरला लावते, कारण साडेचार तास खुर्ची अडली तरी मागे कोणी उभं नसतं.

नवरीचं काम

इथे मिनिटाचा भाव पुरत नाही. ट्रायल, लग्नाच्या दिवसाचे चार तास, साडी, हेअरस्टाईल, जाणं-येणं सगळं धरून सात-आठ तास होतात, पण वर त्या दिवशी पार्लर अर्धा दिवस बंद राहतं. एरवी त्या दिवशी 2500 चा धंदा झाला असता तर तेही धरा. आणि दाट तिथीला एका दिवशी एकच नवरी घेता येते, ती जागा विकायची आहे हे लक्षात ठेवा, म्हणून दाट तिथीला सूट नाही.

चौकशी बस्त्याच्या वेळेस येते, सगळी मंडळी कपडे घ्यायला गावात आलेली असते, तेव्हाच रेट कार्ड हातात द्या. नवरीचा वेगळा, साखरपुड्याचा वेगळा, हळदीचा वेगळा, साइडर (नवरीसोबत तयार होणाऱ्या बायका) आणि करवलीचा माणशी वेगळा, साडी नेसवण्याचा वेगळा. गाडीचं भाडं वेगळं लिहा, किलोमीटरप्रमाणे, कारण "आमचं गाव जवळच आहे" म्हणणाऱ्यांचं गाव कधी 8 किलोमीटर असतं कधी 40. पहाटे 5 च्या आधी निघायचं असेल तर तेही बोलून घ्या. अॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख लिहू नका. मी तिसरा हिस्सा घेते, पावती देते आणि पावतीवर लिहिते की तारीख बदलली आणि माझ्याकडे जागा असेल तर तो धरला जाईल, लग्न मोडलं किंवा दुसरीकडे काम दिलं तर परत मिळणार नाही. एका मे महिन्यात मी तोंडी शब्दावर दोन तारखा अडवून ठेवल्या, दोन्ही घरच्यांनी आदल्या आठवड्यात दुसरीकडून करून घेतलं, आणि त्याच तारखांना मी आधी तीन जणींना नाही म्हटलं होतं. त्यानंतर पावतीशिवाय काही नाही.

सूट द्यावीशी वाटली तर साइडरमध्ये द्या. पाच जणी असतील तर सहावीची साडी फुकट नेसवून द्या. नवरीचा रेट मोडू नका, तो आकडा भाऊबंदकीत फिरतो.

कार्ड आणि आगाऊ पैसे

पाच क्लीनअपवर सहावं फुकट, असं शिक्क्याचं कार्ड छापायला फार खर्च येत नाही. सहा कामं पाचाच्या पैशात, म्हणजे साधारण 17 टक्के सूट, पण ती परत परत येणाऱ्या बाईलाच मिळते. कार्डवर मुदत लिहा, मी 8 महिने ठेवते. मैत्रिणीला घेऊन आली तर दोघींना 50-50 रुपये, पण मैत्रीण दुसऱ्यांदा आल्यावर, ही अट ठेवाच.

"3000 भरा, 3500 ची कामं करून घ्या" हे पण चांगलं चालतं, पण सावध. एका दिवाळीआधी मी 14 जणींकडून असे 42000 घेतले आणि आनंदात नवीन खुर्ची आणि हेअर मशीन आणलं. जानेवारीत रोज पार्लर भरलेलं, पण येणाऱ्या सगळ्या आगाऊ पैसे दिलेल्या, गल्ल्यात काही पडेना आणि किट तर आणावंच लागतं. तो पैसा काम करून होईपर्यंत आपला नसतो. वेगळ्या खात्यात ठेवा आणि जेवढं काम झालं तेवढाच काढा.

ऑफरचा मेसेज

व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाकता येतो, लेबल लावता येतात, मी "नवरी", "केस", "फेशियल", "सहा महिने आली नाही" अशी लेबलं ठेवलीत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणी बसतात, पण ज्या बाईने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही तिला तो मेसेज जातच नाही, म्हणून पैसे घेताना प्रेमाने सांगा, ताई नंबर सेव्ह करून घ्या.

मेसेज असा लिहा: "सोम 6 ते गुरु 9, सकाळी 8 ते 10. हेअर स्पा 700, सोबत हेड मसाज फुकट. रोज 3 जणींनाच जागा. आधी मेसेज करून वेळ घ्या." दिवस, वेळ, पैसे, किती जागा, सगळं त्यातच. "अटी लागू" असं बारीक लिहून आल्यावर वेगळंच सांगायचं नाही. स्वस्तातली जाहिरात करून प्रत्यक्षात ती सर्व्हिसच द्यायची नाही, याला ग्राहक संरक्षणाच्या 2022 च्या जाहिरात नियमांत मनाई आहे, आणि नियम नसता तरी आपल्या गावात हे दोन दिवसात सगळीकडे होतं. आदल्या दिवशी 700 चे 1000 करून त्यावर 30 टक्के सूट दाखवणं पण बायका ओळखतात. "सात दिवसात गोऱ्या व्हा" हे तर कधीच लिहू नका, माझ्याकडे येणाऱ्या सावळ्या मुलींना मी चेहरा स्वच्छ आणि टवटवीत करून देते, रंग बदलून देत नाही, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगते.

टॅक्सचं एक. वर्षाची उलाढाल 20 लाखाच्या आत असेल तर सर्व्हिसवाल्यांना जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता पण येत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांना 22 सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या कामावर 18 च्या जागी 5 टक्के लागतो, पण मालावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे किटवर भरलेला टॅक्स खर्चातच धरावा लागतो, वरच्या हिशोबात तो मिळवा.

शेवटी ऑफर संपली की त्याच रात्री वहीत चार आकडे लिहा: किती जणी आल्या, त्यातल्या नवीन किती, माल वजा करून किती उरले, आणि एरवी त्याच वेळात किती उरायचे. पाचवा रकाना मोकळा सोडा, तीन महिन्यांनी त्यात भरायचं की नवीनपैकी पूर्ण पैसे देऊन परत किती आल्या. धरणगावच्या त्या मुलीने आयब्रो 40 केलीय, फेशियलचा बोर्ड अजून बदलला नाही, म्हणते किटच्या झाकणावरच्या रेघा पूर्ण झाल्या की बदलते.